बिल्ल्याच्या कडेवरून बसऱ्यापर्यंत : घरातल्या वस्तूंवरून पहिलं महायुद्ध कसं शोधावं

आमच्या घरी खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, माझे पाने आणि व्हर्नियर यांच्या रांगेत एक पितळी डबी उघडून ठेवतात. डबीत दोन बिल्ले. एकावर पंख पसरलेली बाई, दुसरा चांदणीच्या आकाराचा, त्याच्यावर मुकुट आणि मधून आरपार गेलेल्या दोन तलवारी. आजी पंखवाल्या बाईला हळदकुंकू लावायची. तिच्या लेखी ती देवीच होती. "तुझा पणजा जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला होता," एवढंच ती सांगायची, आणि तिलाही तेवढंच माहीत होतं.

मी कोरेगाव तालुक्यातला. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. निवृत्त झाल्यावर पहिलं काम हे हाती घेतलं, की पणजोबा नेमके कुठे गेले, कुणाबरोबर, कधी, ते शोधायचं. त्याला आता नऊ वर्षं होत आली. या काळात भावकीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या बऱ्याच घरांचे बिल्ले, फोटो माझ्या हाताखालून गेले. शोध कसा करावा हे लोक विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढतो आहे.

महायुद्धाला हिंदुस्थानातून १३ लाखांहून जास्त माणसं गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. हे आकडे कुठेही मिळतात. आपल्याला हवा असतो त्यातला एक माणूस, आणि तो आकड्यांतून सापडत नाही. घरातल्या वस्तूवरून सापडतो.

आधी वस्तू वाचा, गोष्ट नंतर ऐका

बिल्ला मिळाला की पहिलं पथ्य म्हणजे तो घासायचा नाही. आमच्याकडे पणजी, आजी, मग आई, दरवर्षी चिंच आणि राख लावून बिल्ले लखलखीत करत. त्यात पंखवाल्या बाईच्या बिल्ल्याच्या कडेवरची अक्षरं जवळजवळ सपाट झाली. सगळी माहिती त्या कडेवरच असते. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते, आणि ते ठसे केसाएवढे खोल. चिंचेला तेवढं झिजवायला शंभर वर्षं पुरतात.

झिजलेली कड वाचायला भिंगापेक्षा आडवा उजेड कामाला येतो. कार्यशाळेत जॉबच्या पृष्ठभागावरचा ओरखडा बघायला आम्ही तो डोळ्यांसमोर आडवा धरून उजेडाकडे फिरवतो, तीच युक्ती. खोलीत अंधार करा, बॅटरी बिल्ल्याच्या पातळीत बाजूने धरा, मोबाइल एका जागी टेकवून ठेवा आणि बिल्ला थोडा थोडा फिरवत आठ-दहा फोटो घ्या. समोरून दिसत नाहीत अशी अक्षरं सावलीत उभी राहतात. तरीही जमलं नाही तर ट्रेसिंग पेपरची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी कडेभोवती गुंडाळा आणि मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. माझ्या पणजोबांच्या नंबरातला तिसरा आकडा ३ की ८, हे अशा पट्टीवरच ठरलं.

चांदणीच्या बिल्ल्यावर मात्र नाव कडेवर नसतं, पाठीमागे सपाट बाजूवर ओळींत कोरलेलं असतं.

आता कोणता बिल्ला काय सांगतो ते बघा. चांदणीच्या मधोमध १९१४–१५ असेल, तर तो माणूस १९१५ साल संपण्यापूर्वी रणभूमीवर पोचला होता. नुसतं १९१४ असेल, तर तो त्या सालच्या नोव्हेंबरपर्यंत फ्रान्स-बेल्जियममध्ये उतरलेल्यांपैकी. पंखवाली बाई म्हणजे विजयाची मूर्ती. हा बिल्ला पितळेसारखा पिवळा असतो आणि फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. तिसरा बिल्ला चांदीचा : एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि कवटी. हाच बिल्ला चांदीऐवजी ब्राँझचा असेल, तर तुमचा माणूस बहुधा बंदूकधारी नव्हता, मजुरांच्या तुकडीत किंवा फौजेबरोबरच्या कामगारांत होता. त्याला कमी समजू नका. पाणी, खेचरं, रस्ते, बोजे हे सगळं त्याच माणसांच्या पाठीवर होतं.

चांदीचा बिल्ला पुष्कळ घरांत नसतो. कारण साधं आहे, तो चांदीचा होता. आमचा बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडे गेला. आजोबांनी तो विकला तेव्हा घरात सात तोंडं होती, मी त्यांना दोष देत नाही. पण जोडीतला एक बिल्ला नाही म्हणजे माणूस त्या लढाईत नव्हता, असा निष्कर्ष काढू नका. चांदणी आणि बाई असली की चांदीचाही मिळालेलाच असतो, एवढं धरून चालायला हरकत नाही.

मोठी जड तबकडी सापडली तर जपून. पुरती वीतभरही नाही, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, ब्राँझची. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली उभी बाई, पुढे सिंह, दोन बाजूंना दोन डॉल्फिन मासे, तळाशी एक छोटा सिंह गरुडाचा फडशा पाडतो आहे. उजवीकडच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव असतं, पण हुद्दा नसतो. सुभेदार असो की शिपाई, नुसतं नाव. ही तबकडी फक्त मेलेल्या माणसाच्या घरी पाठवत. अशा तेरा लाखांच्या वर तबकड्या ओतल्या गेल्या.

आमच्या घरी अशी एक होती, पणजोबांच्या धाकट्या भावाची. ती काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा भिंतीवर लावायला म्हणून मीच तिला वरच्या कडेला पाच मिलीमीटरचं भोक पाडलं, आणि ड्रिल सरळ गेलं म्हणून खूश झालो. ते भोक अजून तिथेच आहे. भरून काढणं जमलं असतं मला, पण आता मी त्या वस्तूला आणखी हात लावणार नाही.

वस्तू कोरड्या सुती कापडात, एकेक वेगळी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. माळ्यावर तोफगोळा किंवा न उडालेली काडतुसं सापडली तर हात न लावता पोलिसांना कळवा. पितळी पुंगळी रिकामी आहे की नाही हे बाहेरून कळेलच असं नाही. शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतात, तेव्हा कुणी परदेशातून मोठी किंमत देऊ केली तरी बिल्ला बाहेर पाठवता येत नाही.

नंबरावरून पलटण

पणजोबांच्या चांदणीच्या पाठीवर नावाखाली ११७ हा आकडा आणि मराठा हा शब्द. इथे एक खाचखळगा आहे. इंग्रज तेव्हा मराठा शब्द Mahratta असा लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर निम्म्या नोंदी हातून निसटतील.

त्या वेळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ साली त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि आकडे बदलले. १०३ झाली १/५ (म्हणजे पाचवीतली पहिली बटालियन), १०५ झाली २/५, ११० झाली ३/५, ११६ झाली ४/५, ११७ झाली ५/५ आणि ११४ झाली १०/५. त्यामुळे घरात "आमचे आजोबा तीन-पाचमधले" असं कुणी म्हणत असेल, तर महायुद्धाच्या कागदांत ११० शोधायची. हीच तीन-पाच पुढे छत्रीधारी सैन्यात गेली आणि आजची २ पॅरा झाली, १९७१ला बांगलादेशातल्या टांगाइलवर उतरलेली. जुनी माणसं "जंगी पलटण" म्हणाली तर १०३, "काळी पाचवी" म्हणाली तर १०५. म्हाताऱ्यांच्या तोंडचं असं एकेक नाव वहीत लिहून ठेवा.

सगळी मराठी माणसं मराठा पलटणीतच होती असंही नाही. खडकीच्या सॅपर्सना तेव्हा तिसरी सॅपर्स अँड मायनर्स म्हणत. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शिखांबरोबर फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावात घुसल्या आणि भयंकर कापल्या गेल्या. पूल बांधणारी, खंदक खोदणारी ही माणसं त्या दिवशी संगिनी लावून घरोघरी लढली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. ती लढाईनंतर काही वर्षांतच मोडली, म्हणून तिचे कागद मराठा पलटणींच्या थप्पीत शोधून मिळणार नाहीत. कोकणातले लोक जहाजांवर खलाशी होते. समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. रत्नागिरीकडच्या माणसाने पहिली चौकशी तिथे करावी.

११७ कळल्याबरोबर माझं निम्मं काम झालं. ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली, १६ व्या ब्रिगेडची. हीच ब्रिगेड ऑक्टोबर १९१४मध्ये मुंबईहून निघाली आणि ६ नोव्हेंबरला आजच्या इराकमध्ये, शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला उतरली. बसरा त्याच महिन्यात पडलं. म्हणजे आजीचं "बसऱ्याला गेला होता" हे अक्षरशः खरं होतं.

मेलेल्यांची नावं कशी शोधायची

धाकट्या भावाची तबकडी होती, म्हणजे तो गेला हे नक्की. युद्धात गेलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे असते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. मला पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग चूक लक्षात आली. मी आडनावाच्या खणात आडनाव टाकत होतो. इंग्रज कारकुनांना आपलं नाव-आडनाव कळत नसे. कित्येक नोंदींत पहिलं नावच आडनाव धरलेलं असतं, कधी दोन्ही एकत्र. पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे, जाधवचं वेगवेगळ्या तीन-चार तऱ्हांनी. म्हणून नावाचा हट्ट सोडा. पहिलं महायुद्ध, भारतीय सैन्य, पलटणीचा आकडा एवढं निवडा आणि जादा माहितीच्या खणात जिल्हा टाका. पुष्कळ नोंदींत "अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका अमुक, सातारा" असं दिलेलं असतं. मग यादी डोळ्यांखालून घाला, एकेक ओळ मोठ्याने वाचत. कानाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. आमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग असं होतं की मी ते तीनदा ओलांडून गेलो होतो. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हे आपलंच गाव!"

मृत्यूची तारीख निघाली ऑगस्ट १९१६. ११७ वी पलटण सहाव्या डिव्हिजनबरोबर तैग्रिस नदीकाठी कुतमध्ये तुर्की फौजेकडून वेढली गेली होती, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळपास पाच महिने. शेवटी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यानंतरची तारीख असेल, तर तो कैदेत गेला असावा. "असावा" म्हणतो, कारण मागाहून आलेल्या जादा तुकड्या वेढ्याच्या बाहेर, सुटकेसाठी लढणाऱ्या फौजेत होत्या. माझ्या वहीचा एक नियम आहे : कागदावर दिसलं ते शाईने, तर्काने काढलं ते पेन्सिलीने. "कैदेत" हा शब्द अजून पेन्सिलीत आहे. रेडक्रॉसने जिनिव्हातली त्या काळच्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत. ती चाळणं हे थंडीतल्या संध्याकाळचं माझं काम.

त्याचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे, पण दगडावर हिंदी शिपायांची नावं नाहीत. गोऱ्यांची आणि हिंदी अंमलदारांची नावं कोरली, शिपायांची पलटणीपुढे फक्त संख्या. फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी जवानांची नावं व्यवस्थित कोरलेली आहेत, तेव्हा जमत नव्हतं असं नाही. २०२१ साली कमिशनने स्वतःच्या अहवालात ही असमानता मान्य केली. मला हे वाचून राग आला आणि तो गेलेला नाही. म्हणूनच गावागावांतून कुणीतरी ही नावं शोधून काढायला हवीत.

जिवंत परतलेल्यांचा माग यापेक्षा कठीण. साध्या शिपायांचे वैयक्तिक कागद फारसे उरलेले नाहीत. तिथे पलटणीच्या रोजनिश्या उपयोगी पडतात. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्या आहेत, मेसोपोटेमियाच्या म्हणजे आजच्या इराकच्यासुद्धा, आणि बऱ्याच स्कॅन झाल्या आहेत. त्यांत गोऱ्या अंमलदारांची नावं आणि शिपायांसाठी "आय.ओ.आर." म्हणजे इंडियन अदर रँक्स, पुढे आकडा. तुमच्या माणसाचं नाव मिळणार नाही हे मनाशी धरूनच वाचायला बसा. पण तो त्या दिवशी किती मैल चालला, पाऊस होता का, भाकरी मिळाली का, हे मिळेल. घरी पेन्शनचा कागद असेल तर नीट बघा. लढाईबद्दल जमीन मिळाली असं ऐकिवात असेल तर तलाठ्याकडे जुने फेरफार मागा.

फोटो

फोटो बघताना चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा, हे मी स्वतःला मुश्किलीने शिकवलं. चेहरा बघितला की आपण लगेच "नाक आमच्याच घरातलं" म्हणतो आणि डोळे मिटतात.

आधी फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा छाप आहे का? पुणे कँप, बेळगाव, मुंबई? मग कडेपासून आत या. मागचा पडदा रंगवलेला आहे का, जमिनीवर सतरंजी आहे का? असेल तर तो रणभूमीवरचा नाही, निघण्यापूर्वीचा किंवा रजेवरचा. खजुराचं झाड दिसलं म्हणजे बसरा, असंही ठरवू नका. मग छाती : फिती आहेत का? महायुद्धाच्या फिती असतील तर फोटो बहुधा लढाई संपल्यानंतरचा. इथे एक गंमतीची गोष्ट आहे, जी मला एका जुन्या फोटोग्राफरने सांगितली. तेव्हाच्या बहुतेक काचा आणि फिल्मना लाल रंग दिसत नसे. लाल-नारिंगी काळपट येई आणि निळा फिकट, जवळजवळ पांढरा. चांदीच्या बिल्ल्याची फीत मधे नारिंगी आणि कडेला निळी असते; फोटोत मधला पट्टा गडद आणि कड उजळ दिसते. हे माहीत नसल्यामुळे एका घरच्या फोटोतली फीत मी वर्षभर दुसऱ्याच मेडलची समजत होतो.

मग बंदूक. नळीचं तोंड लाकडाच्या टोकाशी बोथट संपत असेल तर ती आखूड ली-एनफील्ड, दहा गोळ्यांची. नळी लाकडाच्या पुढे बोटभर निघालेली असेल तर जुना लांब नमुना. स्टुडिओत मात्र बंदूक स्टुडिओचीही असू शकते, म्हणून एवढ्यावरून साल ठरवू नये.

आमच्याकडचा एक फोटो सांगतो. ११ माणसं, दोन रांगा, पुढचे खाली बसलेले. पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या, पुटीज. भिंगाखाली बघितलं तर उजवीकडून तिसऱ्याची एक पट्टी खालून वर गुंडाळलेली आणि दुसरी वरून खाली. पायदळात पट्टी घोट्यापासून वर गुंडाळतात आणि गाठ गुडघ्याखाली येते, घोडेस्वारांत उलट. या माणसाच्या डाव्या पायाची पट्टी घोट्याशी सुटल्यासारखी सैल आहे. तिथे बहुतेक जखम होती, कारण त्याच पायाचा बूटही नीट बांधलेला नाही. आजी सांगायची की पणजोबा डावा पाय जरा ओढत चालत. चेहरा अंधुक आहे, फोटोला तिथेच वाळवी लागली आहे. तरी माझ्या वहीत "हे तेच" असं पेन्सिलीने लिहिलं आहे, त्या पायामुळे.

फोटोची नक्कल काढताना स्कॅनरवर ६०० डीपीआयच्या खाली जाऊ नका, मागची बाजूही स्कॅन करा. नावं लिहायची तर मागे मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही. लॅमिनेशन अजिबात नको. शेजारच्या गावात एका कुटुंबाने पणजोबांचा एकमेव फोटो लॅमिनेट करून आणला, उष्णतेने वरचा थर सुटला आणि चेहरा गेला.

आपल्या फोटोशेजारी ठेवायला सरकारी फोटो हवेत. फ्रान्समधल्या हिंदी फौजेचे १९१५चे गर्डवूडचे फोटो ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मेसोपोटेमियाचे एरियल व्हार्जेसने काढलेले लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियममध्ये. दोन्हींतले पुष्कळ ऑनलाइन बघता येतात. त्या म्युझियमच्या संग्रहात कुतच्या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचा फोटो आहे. बरगड्या मोजता येतात, मांड्या मनगटाएवढ्या. नाव नाही. कुतमध्ये शेवटी घोडे कापून खात होते, आणि पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला होता. तो फोटो मी घरच्यांना दाखवला नाही, पण तुम्ही एकदा बघाच. बाकीचे ऐटदार सरकारी फोटो कशासाठी काढले होते, ते त्याच्याशेजारी ठेवल्यावर कळतं.

यंत्रं

यंत्रं बघायला अहिल्यानगरला जा. तिथलं रणगाडा संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटरने १९९४मध्ये उघडलं. बहुतेक यंत्रं दुसऱ्या महायुद्धातली आणि नंतरची : चर्चिल, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, जपानी हा-गो, पासष्टच्या लढाईतले पॅटन. लोक पॅटनपाशी फोटो काढून निघतात. तुम्ही मात्र रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपाशी थांबा.

ही गाडी सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधत. राजेमहाराजांची मोटार, तिच्यावर सुमारे १२ मिलीमीटर जाडीचे पोलादी पत्रे चढवले आणि वर मशीनगनचा बुरूज बसवला. इंजिन सहा सिलिंडरचं, ७.४ लिटरचं. अशा गाड्या युद्धाच्या उत्तरार्धात मेसोपोटेमियात होत्या. बघताना असं बघा. आधी रिव्हेट मोजा, म्हणजे नजर पत्र्यावर फिरते. पत्रे एकमेकांना वेल्ड केलेले नाहीत, रिव्हेटने जोडलेले आहेत. गोळी रिव्हेटच्या डोक्यावर बसली की आतली बाजू तुटून गोळीसारखीच आत उडते. म्हणून पुढच्या काळात वेल्डिंग आणि ओतीव बुरूज आले. त्याच आवारात चाळीस पावलांत तुम्हाला हा सगळा प्रवास रिव्हेटपासून ओतकामापर्यंत दिसतो. मग खाली वाका आणि पाट्यांच्या स्प्रिंगा बघा. चार टनांच्या वरचं वजन त्यांच्यावर आहे. मग चालकाच्या समोरची फट. त्या फटीतून रस्ता बघत, अंगावर इंजिनाची धग घेत, मेसोपोटेमियाच्या उन्हाळ्यात. मी भट्टीजवळ काम केलं आहे, तरी मला ते कल्पनेत पेलत नाही.

यंत्रांवर चढू नका, नातवंडांनाही चढवू नका. ओळखपत्र जवळ ठेवा. लष्कराच्या हद्दीतली बाकीची संग्रहालयं, बेळगावचं मराठा रेजिमेंटचं आणि खडकीचं सॅपर्सचं, इथे जायला आधी परवानगी काढावी लागते.

ज्या यंत्रांवर आपली माणसं खरी लढली त्यातली पुष्कळ कुठल्याच संग्रहालयात नाहीत, आणि ती यंत्रं म्हणावी अशीही नव्हती. मे १९१५च्या अखेरीस अमाराच्या दिशेने पाण्याने भरलेल्या मुलुखातून पलटणी बेलम नावाच्या अरबी होड्यांतून गेल्या. काही होड्यांना पुढे पत्रे बांधले होते, आणि शिपाई बांबूने होडी रेटत होते. कोरेगावच्या माळावरचा माणूस होडी रेटतो आहे, हे चित्र मला रोल्स-रॉइसपेक्षा जास्त दिसतं. आणि कुतच्या वेढ्यात विमानांतून काय टाकलं ठाऊक आहे? धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, म्हणून जात्याचे दगड टाकले. विमानातून रसद पोचवण्याचा इतिहासातला हा पहिल्याच प्रयत्नांपैकी एक. घरात जुनं जातं असेल तर त्याची वरची तळी एकदा उचलून बघा. लाकूड, कापड आणि तारांच्या त्या विमानांनी असलं ओझं वाहिलं होतं.

गावचा दगड

जाता जाता खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन या. कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत, पण तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० हून अधिक माणसांची नोंद आहे.

नंतर आपल्या गावात परत या. चावडीच्या भिंतीत, मारुतीच्या देवळाजवळ, जुन्या शाळेच्या दारावर एक छोटा संगमरवरी दगड असतो, इंग्रजीत किंवा मराठीत : या गावातून इतके जण १९१४–१९१९च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावचं स्मारक सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले असं तिथे सांगतात. पण असे दगड लहान लहान गावांतही आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर चुन्याचे थर चढले आहेत किंवा पुढे बॅनर लागला आहे. चुना खरवडू नका. साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश, एवढंच. अक्षरांत ऑइलपेंट भरू नका, कुणी उत्साहाने भरायला निघालं तर थांबवा. बारीक कागद चिकटपट्टीने लावून त्याच्यावर मेणाचा खडू आडवा फिरवा, अक्षरं उमटतात.

दगडावर नावं नसतात, आकडे असतात. म्हणून मी एक वही केली, दगडावरच्या प्रत्येक माणसाला एक पान. आमच्या दगडावर २३ आहेत. घराघरांतले बिल्ले, तबकड्या, कमिशनच्या याद्या आणि म्हाताऱ्यांची तोंडं यांच्यावरून १४ नावं लागली, त्यातली नऊ शाईने. वहीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत दिली आहे, एक शाळेत. यंदा खंडेनवमीला डबीशेजारी ती वहीही मांडली होती. राहिलेली नऊ पानं कोरी आहेत, वर फक्त अनुक्रमांक घातला आहे.